डार्थ व्हेडर : कुणाचा पठ्ठा?

(दृश्य : कोल्हापूर, शाहूपुरी कुंभार गल्ली. पत्र्याच्या शेडमध्ये पांढऱ्या गणेशमूर्तींच्या रांगा. फळीवर एक काळा मुखवटा.)

गणपती दोन महिन्यांवर आलेत. या शेडमध्ये आता पाय ठेवायला जागा नाही. कुणाला सोंड बसवायची राहिलीय, कुणाला हात. आणि मधल्या फळीवर, मूर्तींच्या गर्दीत, हा एकटाच काळा. डोळ्यांच्या जागी दोन फुगीर काचा, नाकाखाली त्रिकोणी जाळी, मानेपर्यंत उतरलेलं शिरस्त्राण.

माझ्या मित्रानं तो फायबरमध्ये ओतलाय. दिवसभर मूर्तीकाम करायचं आणि रात्री जेवण झालं की पॉलिश पेपर घेऊन याच्यावर बसायचं, असं पंधरा दिवस चाललंय. एवढ्या वेळात त्याच्या आबांनी मुखवट्याकडे नीट बघितलंही नव्हतं. आबा जुने पैलवान. दोन्ही कान मातीत घासून घासून गोळा झालेले. त्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन ते फळीसमोर थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले,

"ह्यो कुणाचा पठ्ठा?"

मित्र म्हणाला, "आबा, हा डार्थ व्हेडर. पिक्चरमधला व्हिलन."

"त्ये नाव झालं. पठ्ठा कुणाचा?"

मी 'स्टार वॉर्स' लहानपणापासून बघतोय. व्हेडरचा नेमका हुद्दा कोणता, यावर मित्रांशी रात्र रात्र वाद घातलेत. कुणी त्याला सेनापती म्हणतो, कुणी सम्राटाचा उजवा हात, कुणी सिथ नावाच्या दुष्ट पंथाचा मुख्य. पण हा प्रश्न कुणी या शब्दांत विचारलेला मी ऐकला नव्हता. आणि ऐकल्याबरोबर कळलं, की आम्ही इतकी वर्षं चुकीच्या टोकाकडून वाद घालत होतो.

(दृश्य : खासबाग मैदान. रिकाम्या पायऱ्या. मधोमध तांबड्या मातीचा आखाडा.)

हे खासबाग. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ सालचं मैदान. बसायच्या पायऱ्या चारी बाजूंनी अशा उतरत येतात, की शेवटच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसावी.

इथं कुस्ती पुकारताना निवेदक नुसतं नाव घेऊन थांबत नाही. पैलवानाचं नाव, गाव, तालीम, आणि मग, अमुक वस्तादांचा पठ्ठा. हे शेवटचं ऐकल्याशिवाय जाणत्या माणसाला पैलवान कळत नाही. वस्ताद कळला की हा कुठला डाव आधी टाकणार, खालून कसा सुटणार, दमायला लागला तर काय करणार, याचा अंदाज पायरीवर बसल्या बसल्या येतो.

कोल्हापुरात माणसाला मोठेपण तीन वाटांनी येतं. एक बिरुद. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्या वर्षी गणपतराव आंदळकर. त्यानंतर ही माणसं आयुष्यभर हिंदकेसरीच राहिली. नाव उच्चारायच्या आधी बिरुद उच्चारायचं, अशी इथली रीत. दुसरं पद. ते दरबारानं द्यायचं आणि दरबारानंच काढून घ्यायचं. आणि तिसरं नातं, वस्ताद आणि पठ्ठा. ते कुणी कागदावर लिहून देत नाही, आणि काढून घ्यायचीही सोय नाही.

व्हेडरच्या बाबतीत सगळा घोळ झाला तो या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळं.

(दृश्य : मुखवट्याच्या जाळीवर फिरणारा बारीक ब्रश.)

आधी बिरुद. १९७७ साली पहिला चित्रपट आला तेव्हा 'डार्थ' हे बिरुद आहे याचा पत्ताच नव्हता. त्याचा जुना वस्ताद, म्हातारा ओबी-वान केनोबी त्याच्यासमोर उभा राहतो आणि त्याला सरळ 'डार्थ' अशी हाक मारतो, आपण एखाद्याला पहिल्या नावानं हाक मारावी तशी. पहिल्या तिन्ही चित्रपटांत 'सिथ' हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. तो पडद्यावर ऐकू आला १९९९ साली, बावीस वर्षांनी. त्याच चित्रपटात डार्थ सिडियस आला, डार्थ मॉल आला. नंतर काउंट डूकूचं नाव डार्थ टायरेनस असल्याचं कळलं. मग ध्यानात आलं, की जे नाव वाटत होतं ते बिरुद आहे.

आपल्याकडं बरोबर याच्या उलट झालं. सरनोबत, जमादार, हवालदार, सरनाईक हे कधीकाळी हुद्दे होते. आता ती आडनावं आहेत. कागल तालुक्यात तर एक अख्खं गाव हुद्दा लावून बसलंय, सेनापती कापशी. सैन्य गेलं, सेनापती गेले, पण एसटीच्या पाटीवर हुद्दा अजून आहे. हुद्द्याचं नाव होतं आणि नावाचा हुद्दा होतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून मला वाटतं, ओबी-वाननं मारलेली ती 'डार्थ' ही हाक कोल्हापूरकराच्या कानाला खटकत नाही.

तर 'डार्थ' हे बिरुद आणि 'लॉर्ड' हे संबोधन. दोन्ही गुरूलाही आहेत आणि शिष्यालाही. त्यावरून वरचा कोण नि खालचा कोण, काही कळत नाही.

आता पद. इथं जरा थांबावं लागेल.

(दृश्य : मित्राच्या मोबाइलवर साम्राज्याच्या अधिकाऱ्यांचे गणवेश. करड्या कोटांच्या छातीवर रंगीत चौकोनांच्या पट्ट्या.)

साम्राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याची छाती बघा. डाव्या बाजूला एक पट्टी, तिच्यावर लाल-निळे छोटे चौकोन. त्यावरून हुद्दा कळतो. व्हेडरच्या छातीवर अशी पट्टी नाही. तिथं बटणं आणि दिवे असलेली एक पेटी आहे. ती त्याचा श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्रणेचा भाग. बाकीच्यांच्या छातीवर अधिकार आहे, याच्या छातीवर औषधपाणी आहे. माझ्या मित्राला मुखवट्यापेक्षा ही पेटी करायला जास्त दिवस लागले. तो म्हणतो, मुखवटा लोकांना दाखवायला असतो, पेटी त्याला स्वतःला लागते.

१९७७ च्या चित्रपटातला तो बैठकीचा प्रसंग आठवा. एक अधिकारी व्हेडरच्या श्रद्धेची टिंगल करतो. व्हेडर जागेवरूनच बोटं आवळतो आणि तिकडं त्या माणसाचा गळा आवळला जातो. पहिल्यांदा बघताना आपण या ताकदीनंच गार होतो. पण पुढचा क्षण बघा. टार्किन नावाचा काटकुळा म्हातारा त्याला सोडायला सांगतो, आणि व्हेडर सोडतो. हुज्जत नाही, रुसवा नाही. टार्किन साम्राज्याचा मोठा सुभेदार, मृत्यूतारका नावाच्या त्या अवाढव्य लढाऊ तळावर शब्द त्याचा चालतो. राजकन्या लेया तर टार्किनच्या तोंडावर सुनावते, की व्हेडरची दोरी तुझ्याच हातात असणार, मला वाटलंच होतं. एवढा थोर खलनायक, आणि पहिल्याच चित्रपटात त्याच्या गळ्यातली दोरी उघडपणे बोलून दाखवलीय.

१९८० च्या चित्रपटात टार्किन नाही. सगळा आरमारी ताफा व्हेडरच्या हुकमात आहे. ॲडमिरल ओझेल चुकतो, व्हेडर समोर न जाता, संपर्काच्या पडद्यावरूनच त्याचा जीव घेतो आणि शेजारी उभ्या असलेल्या कॅप्टन पिएटला त्याच दमात ॲडमिरल करून टाकतो. दुसऱ्याला पद देणारा आणि पदासकट संपवणारा हा माणूस. त्याला स्वतःला मात्र पट्टी नाही. त्याचा सगळा अधिकार उसना आहे. त्याच चित्रपटात सम्राटाची नुसती प्रतिमा उमटते आणि हा गुडघा टेकतो. ज्याच्या पावलांच्या आवाजानं अधिकाऱ्यांचे घसे कोरडे पडतात, तो एका उजेडाच्या चित्रापुढं वाकतो.

म्हणजे पदावरूनही उत्तर मिळत नाही. ते मिळतं आबांच्या प्रश्नातून.

(दृश्य : तालीम, पहाट. हौद्यातली माती उकरणारे तरुण. कुणी तेल ओततोय, कुणी हळद टाकतोय.)

व्हेडर व्हायच्या आधी तो ॲनाकिन स्कायवॉकर होता, ओबी-वानचा पठ्ठा. जेडाय म्हणजे सिथांचे वैरी, चांगल्या बाजूचे योद्धे. त्यांच्या तालमीत पायऱ्या ठरलेल्या. आधी लहान मुलं, मग एका गुरूच्या हाताखाली पॅडवान, मग नाइट, मग मास्टर. वर बारा जणांची परिषद. ॲनाकिन नाइट झाला. युद्धात त्यानं नाव कमावलं. स्वतःच्या हाताखाली असोका टानो नावाची पोरगी तयार केली, आणि ती इतकी तयार झाली की एक दिवस ती जेडायांचा पंथच सोडून गेली. मास्टरकी तेवढी मिळायची राहिली होती.

२००५ च्या चित्रपटात चॅन्सलर पॅल्पटीन त्याला आपला माणूस म्हणून परिषदेत पाठवतो. परिषद त्याला खुर्ची देते, पण मास्टर करत नाही. बस, पण मास्टर म्हणून नव्हे. ॲनाकिनचा चेहरा तिथं जो होतो, तो मी तालमीत बघितलाय. ज्याला मैदानात उतरवलं पण मोठी कुस्ती दिली नाही, त्या पोराचा तो चेहरा. परिषदेचं चुकलं का? त्यांना पॅल्पटीनचा संशय होता आणि तो खराच निघाला. तरी माझं मत असं, की अर्धा मान देणं हे मान न देण्याहून वाईट. एक तर खुर्ची द्यायची नाही, आणि दिली तर तोंड वाकडं करून द्यायची नाही. त्या घावावर मीठ चोळायला पॅल्पटीन बाहेर टपलेलाच होता.

आणि पॅल्पटीन म्हणजेच सिडियस, पुढं होणारा सम्राट. सिथांचा वस्ताद.

त्यांच्या तालमीचा नियम हजारेक वर्षांपूर्वी डार्थ बेननं घातला. दोघंच असायचे. एक गुरू, एक शिष्य. जास्त नाहीत, कमी नाहीत. शिष्यानं ताकद कमवायची, एक दिवस गुरूला मारायचं आणि त्याची जागा घ्यायची. मग स्वतःसाठी नवा शिष्य शोधायचा. अशीच गादी पुढं चालायची.

आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली कवडी खाली ठेवली. "वस्तादाला मारायचं?"

आपल्याकडं एक बोलणं आहे, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. सगळे डाव शिकवायचे, पण एक स्वतःजवळ. पठ्ठा कधी माजला, वस्तादावरच उलटला, तर तो डाव काढायचा. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. सिडियसचा राखलेला डाव कोणता, हे मात्र आबांपुढं बसून सांगताना सुचलं. त्याचा राखलेला डाव म्हणजे दुसरा पठ्ठा.

(दृश्य : हौद्यातली माती. दोन पैलवान झोंबताहेत, तिसरा कडेला दंड थोपटत उभा आहे.)

डार्थ मॉल हा त्याचा पहिला पठ्ठा, निदान आपल्याला दिसलेला. मॉल कमरेत तुटून खाली कोसळला, तर वस्तादानं डूकूला घेतलं. मॉल जिवंत निघाला, परत आला, पण सिडियसनं त्याला ऐकवलं, की तुझी जागा भरली गेलीय. बिरुद गेलं, नातं गेलं.

मग डूकू. वयस्कर, उमराव घराण्यातला, एकेकाळचा जेडाय मास्टर. २००५ च्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच ॲनाकिन त्याचे दोन्ही हात तोडतो. डूकू गुडघ्यांवर, मानेशी दोन तलवारी. समोर खुर्चीत बांधलेला कैदी म्हणून पॅल्पटीन बसलाय, म्हणजे डूकूचा स्वतःचा वस्ताद. आणि वस्ताद ॲनाकिनला सांगतो, मार याला. डूकू मान वळवून वस्तादाकडं बघतो. तो एक क्षण सोडू नका. आपण इतके दिवस पठ्ठा होतो की नुसते जागा अडवून बसलो होतो, हे त्याला तिथं कळतं. ॲनाकिन वार करतो. जागा रिकामी होते. आणि पुढं ॲनाकिन गुडघा टेकून त्या रिकाम्या जागी बसतो. त्याला नाव मिळतं, डार्थ व्हेडर, आणि त्याच बैठकीत पॅल्पटीन त्याला लॉर्ड म्हणायला लागतो. जेडायांनी मास्टर म्हटलं नाही, यानं पहिल्याच दिवशी लॉर्ड म्हटलं. पण हुद्दा कोणता दिला? शिष्याचा. म्हणजे परिषदेनं निदान नाइट ठेवला होता, इथं तो परत पॅडवान झाला. पायरी चढल्याचं समाधान आणि प्रत्यक्षात उतरण. हे त्याला कधी उमगलं असेल का, याचा मी बराच विचार केलाय. मला वाटतं, उमगलं होतं. नाहीतर थोड्याच वेळात बायकोला, आणि पुढं पोराला, आपण दोघं मिळून त्या म्हाताऱ्याला हटवू, असं त्यानं म्हटलं नसतं.

१९७७ च्या त्या प्रसंगात ओबी-वानसमोर तो छाती काढून सांगतो, की तुला सोडून गेलो तेव्हा मी शिकाऊ होतो, आता मास्टर आहे. हे खोटं आहे. तेव्हा त्याला पठ्ठेपण करून एकोणीस वर्षं झाली होती. जुन्या वस्तादापुढं बोललेला बडेजाव तो.

तेव्हा हुद्द्याचं उत्तर सरळ आहे. लॉर्ड हे संबोधन, डार्थ हे बिरुद, ताफ्याचा अधिकार सम्राटाच्या मर्जीचा, आणि खरा हुद्दा शिष्याचा. सिडियसचा पठ्ठा. शेवटपर्यंत दोन नंबर.

बाकीच्यांचं थोडक्यात. जेडायांची शिकार करणारे इन्क्विझिटर जेडायांतूनच फुटलेले, सिथ नव्हेत. ग्रीव्हस सेनापती होता, पण लांबून गळा आवळणारी ती शक्तीच त्याच्यात नाही. व्हेडरचा नातू कायलो रेन आजोबाचा मुखवटा समोर ठेवून त्याच्याशी बोलतो, पण तोही सिथ नाही. लाल तलवार हातात आली म्हणून कुणी सिथ होत नाही, जसा लंगोट बांधला म्हणून कुणी पैलवान होत नाही.

(दृश्य : शेड. मुखवटा आता चकचकीत काळा. त्यात खिडकीचा उजेड दिसतोय.)

आता १९८३. मुलगा ल्यूक व्हेडरला खाली पाडतो, त्याचा हात तोडतो. बाप जमिनीवर, मानेवर तलवार. आणि सिंहासनावरचा वस्ताद खूश होऊन पोराला सांगतो, मार, आणि बापाची जागा घे. हात तुटलेला पठ्ठा, वर उभा असलेला तरुण, आणि बाजूला बसलेला तोच म्हातारा. डूकूच्या जागी आता व्हेडर आहे. राखलेला डाव वस्तादानं बाहेर काढलाय. फक्त ल्यूक तो डाव खेळत नाही. तो तलवार फेकून देतो आणि म्हणतो, की मी जेडाय आहे, माझ्या बापासारखा. तेवीस वर्षांत व्हेडरला त्याच्या जुन्या हुद्द्यानं ओळखणारा हा पहिलाच. आणि तो त्याच्या पोटचा.

सम्राट ल्यूकवर विजा सोडतो. व्हेडर बघत राहतो. मग वस्तादाला कमरेला धरून उचलतो आणि खाली खोल विवरात टाकतो.

इथं आम्हा मित्रांचं भांडण होतं. नियम असा, की गुरूला मारणारा शिष्य गुरू होतो. मग मरेपर्यंतची ती थोडी मिनिटं व्हेडर सिथांचा मास्टर होता का? कागदावर बघाल तर होता. मी मानत नाही. जागा घ्यायची म्हणून त्यानं मारलं नव्हतं. आणि जागा मोकळी झाल्यावर त्यानं मागितलं काय, तर मुखवटा काढ म्हणाला, तुला एकदा माझ्या डोळ्यांनी बघू दे. मुखवट्याशिवाय श्वास चालणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

त्या चेहऱ्यासाठी सबॅस्टियन शॉ हा वेगळाच नट घेतला होता. अंगकाठी डेव्हिड प्राउझची, तो स्वतः वजन उचलणारा पैलवान गडी. आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, आणि पहिल्या चित्रपटाच्या नामावलीत त्याचं नावसुद्धा नव्हतं. एका व्हेडरमागं इतकी माणसं उभी आहेत, आणि मुखवटा उतरतो तेव्हा समोर येतो तो एक थकलेला, टक्कल पडलेला म्हातारा.

(दृश्य : आबा खुर्चीत. मांडीवर मुखवटा. आतली बाजू वर.)

ही सगळी गोष्ट आबांनी दोन दिवसांत, मूर्तींना रंग देता देता ऐकली. मधे कुणी गिऱ्हाईक आलं की थांबायची, ते गेलं की, "हां, मग?" शेवटचा भाग सांगून झाल्यावर मित्रानं मुखवटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा केला. आत फायबरचे धागे खरखरीत, कच्चे दिसत होते. तिथं त्यांनी अंगठा फिरवला.

"आतनं घासला न्हाईस."

"आतलं कोण बघतंय, आबा?"

"घालणाऱ्याला टोचंल की."

मित्र काही बोलला नाही. पॉलिश पेपर शोधायला उठला. आबांनी मुखवटा मांडीवर तसाच धरून ठेवला होता.

"आणि त्यो पोरगा? त्यो कुणाचा पठ्ठा?"

"जेडायांचा म्हातारा मास्टर योडा, त्याचा," मी म्हणालो. "आणि त्याच्या आधी ओबी-वानचा."

आबांनी मान हलवली.

"म्हंजे बापाच्याच तालमीतला."